कॉमिकमधला ड्रेस हुबेहूब शिवला, कॅमेऱ्यात मात्र नाइट ड्रेस दिसतोय. काय चुकलं?

कडक_भाकरी
नमस्कार मंडळी. सोलापुरात अक्कलकोट रोडला आपलं युनिफॉर्मचं छोटं युनिट आहे, नऊ मशिनी, एक कटिंग मास्टर, आणि वर्षभर तेच ते, शाळेची पँट, शर्ट, पिनो म्हणजे पोरींचा बिनबाह्यांचा फ्रॉक, हाउसचे टीशर्ट. आता झालंय असं की भाचा आणि त्याचे कॉलेजमधले मित्र मिळून शॉर्ट फिल्म करलालेत, सुपरहिरोची, हिरो त्यांचा स्वतःचाच. त्यातल्या एका पोरानं आधी आठ पानांचं कॉमिक काढलंय, आणि खरं सांगतो लई भारी काढलंय. लाल अंग, निळी चड्डी बाहेरून, पिवळा पट्टा, मागं केप, म्हणजे पाठीवर सोडलेलं कापड. मला म्हणाले मामा हाच ड्रेस पायजे, असाच्या असा.

मी म्हटलं यात काय अवघड. फोर-वे लायक्रा, म्हणजे चारी बाजूंनी ताणणारं कापड आणलं, पोराचं माप घेतलं, ओव्हरलॉक मारलं, वरून फ्लॅटलॉकची चपटी शिलाई. हँगरवर बघितला तर मास्टर पण खूष. शूटिंग केलं गच्चीवर, आणि कॅमेऱ्यात बघतोय तर काय, गुडघ्याला पिशव्या, काखेत चुण्या, केप म्हणजे वाळत घातलेला टॉवेल, आणि लाल रंग असा पेटलाय की शिलाई दिसेना काही दिसेना. भाचा म्हणतो मामा हे झोपायचं वाटतंय. वीस वर्षं कापड कापतोय, असं कुणी तोंडावर म्हटलं नव्हतं.

सिनेमावाले पण कॉमिकवरूनच करतात की हो. त्यांचं असं का होत नाही? पैसा सोडून दुसरं काही कारण असलं तर सांगा.

सात_रस्ता
फोटो टाक बे आधी.

कडक_भाकरी
पोरगं नको म्हणतंय.

लग्नशूटिंगवाला
मालक, लाल रंगाचं मी सांगतो, रोजचा अनुभव आहे. लाल शालू नेसलेली नवरी उन्हात उभी केली की स्क्रीनवर नुसता लाल डाग येतो, जर दिसत नाही की निऱ्या दिसत नाहीत. एकदम भडक लाल कॅमेऱ्याला पेलत नाही, त्यातली बारीक छटा उडून जाते. डोळ्याला जो लाल छान वाटतो त्यापेक्षा दोन घर काळपट लाल घ्यायचा, मग स्क्रीनवर तो लाल येतो. शिवाय तुमचा लायक्रा चमकणारा असणार, बरोबर? त्यानं आणखी घात केला. आणि दुपारी गच्चीवर सोलापूरच्या उन्हात शूटिंग म्हणजे तर आनंदच.

वेताळभक्त
मला हे कळत नाही की कॉमिकमधला ड्रेस बदलायचाच कशाला. चित्रकारानं जे काढलंय त्यावर लोकांचं प्रेम आहे, म्हणून सिनेमा निघतो, आणि सिनेमा निघाला की पहिलं काम काय तर ड्रेस काळा करा. २००० साली एक्स-मेन आला, सगळ्यांना काळं लेदर, आणि वर सिनेमात त्याचीच चेष्टा, की तुला काय पिवळा स्पँडेक्स, म्हणजे लायक्राच, पाहिजे होता का. होय, पाहिजे होता! त्यातला वुल्व्हरीन कॉमिकमध्ये १९७४ पासून पिवळ्यात आहे. शेवटी २०२४ ला डेडपूल अँड वुल्व्हरीनमध्ये ह्यू जॅकमनला पिवळा घातलाच ना, आणि थेटरात त्याच सीनला शिट्ट्या. चोवीस वर्षं वाया घालवली.

ड्रेपरी_ताई
वेताळभक्त, तो पिवळा नीट बघा हो एकदा. चित्रातला पिवळा सपाट आहे. सिनेमातल्या ड्रेसला ठिकठिकाणी जोड आहेत, जाड तुकडे आहेत, कुठं घासल्यासारखं आहे, बाह्या उघड्या आहेत. रंग कॉमिकचा ठेवला आणि कापड पूर्ण नवीन विचार करून केलं. २००० साली हे जमलं असतं का याची मला शंका आहे, कारण तेव्हा १९९७ च्या बॅटमॅन अँड रॉबिनचं एवढं हसं झालेलं होतं की रंगीत काही करायला सगळेच घाबरत असणार.

कडक भाकरी भाऊ, आमचं नाटकाच्या ड्रेपरीचं काम आहे, स्नेहसंमेलनाला भाड्यानं देतो. तुमची चूक शिलाईत नाही. चूक अशी की तुम्ही चित्राला कापड समजलात. कॉमिकमधल्या हिरोच्या अंगावर कापड नसतंच. चित्रकार आधी उघडं अंग काढतो, दंड, छाती, पोट सगळं काळ्या शाईनं, मग त्यावर निळा भरतो आणि मनगटाला, गळ्याला एक रेघ ओढतो. झाला ड्रेस. त्याला शिलाई नाही, चेन नाही, काखेत चुणी कुठून येणार? माणसाच्या अंगावर तेच घातलं की दिसतं ते फक्त एक किडकिडीत पोरगं आणि त्याचा लायक्रा. मग सिनेमावाले चित्रकाराच्या त्या शाईच्या रेघा दुसऱ्या कशानं तरी परत आणतात. आतून फोमचे स्नायू, वरून उठावाची छपाई, पॅनेलचे जोड. २००२ च्या स्पायडरमॅनला ड्रेस डिझायनर जेम्स अॅचेसननं जाळीच्या रेषा उठावदार केल्या ते यासाठीच. उजेड बाजूनं पडला की प्रत्येक रेघेला सावली मिळते, आणि सावली मिळाली की अंगाला आकार येतो.

कडक_भाकरी
ताई तुम्ही एका परिच्छेदात डोकं साफ केलं. म्हणजे चित्रात काळी रेघ जे काम करते ते कापडावर सावलीनं करायचं. हे मास्टरला वाचून दाखवलं, तो म्हणाला मग आधी सांगायचं ना.

पुणेकर_मूळचा_सोलापूरचा
रंगांबद्दल थोडं. लाल-निळा-पिवळा हे कॉमिकमध्ये आले ते मुळात छपाईमुळं. स्वस्त न्यूजप्रिंट, त्यावर चार शाया, बारीक छटा टिकायच्याच नाहीत, मग भडक आणि वेगवेगळे रंग, म्हणजे छोट्या चौकटीत पण हिरो चटकन ओळखू यावा. हल्क १९६२ ला पहिल्या अंकात करडा होता, पण छापताना करडा नीट येईना, कुठं फिका कुठं गडद, म्हणून दुसऱ्या अंकापासून हिरवा. साठ वर्षं जग ज्याला हिरवा म्हणून ओळखतंय तो छापखान्यामुळं हिरवा!

आणि वेताळभक्तांसाठी खास. तुमचा वेताळ, म्हणजे इंग्रजीतला फँटम. ली फॉकनं १९३६ ला सुरू केला, ब्लॅक अँड व्हाइट स्ट्रिप, त्याच्या मनात ड्रेस करडा होता. १९३९ ला रविवारची रंगीत पानं आली आणि ड्रेस जांभळा निघाला. स्वीडनला तो निळा, इटलीत आणि ब्राझीलला लाल. मग १९९६ चा सिनेमा करताना मूळ चित्राशी प्रामाणिक राहायचं म्हणजे नक्की कुठल्या देशाच्या चित्राशी?

वेताळभक्त
जांभळाच. बाकी सगळे नकली.

पण मुद्दा चांगला काढलात. मी इंद्रजाल कॉमिक्स मराठीतून वाचत मोठा झालो, माझ्यासाठी तेच मूळ. १९९६ चा सिनेमा मी सीडीवर बघितला, बिली झेनला जांभळाच दिला होता, वर काहीतरी नक्षी होती कापडावर. ती नक्षी तेव्हा मला खटकली होती, आता ताईंचं वाचून वाटतंय की नक्षी नसती तर तो पण नाइट ड्रेसच दिसला असता.

सात_रस्ता
चड्डी बाहेरून का घालतात हे कुणीतरी सांगा एकदाचं. लहानपणापासून विचारलालोय, घरी मार खाल्लाय.

अण्णा_साखरपेठ
सर्कशीमुळं. जुन्या सर्कशीत ते वजन उचलणारे पैलवान असायचे, अंगाला घट्ट कापड आणि वरून चड्डी. सुपरमॅन १९३८ चा. तेव्हा ताकदवान माणूस दाखवायचा म्हणजे लोकांच्या डोळ्यासमोर हाच ड्रेस. आमच्या लहानपणी सर्कस यायची त्यात पण बघितलाय असा, वाघाच्या कातड्याच्या छापाची चड्डी. तेव्हा कुणी हसलं नाही. हसू नंतर आलं, सर्कशी गेल्यावर.

ड्रेपरी_ताई
अण्णा बरोबर. आणि त्याचा एक शिवणकामाचा फायदा पण आहे. पायापासून गळ्यापर्यंत एकच निळा असला की माणूस लांबच लांब दिसतो, मध्ये कमरेला लाल आला की अंग दोन भागात तुटतं, पाय पाय वाटतात. २०१३ च्या मॅन ऑफ स्टीलमध्ये चड्डी काढली तर कमरेशी काहीतरी नक्षीकाम करावंच लागलं त्यांना. कॉमिकमध्ये पण २०११ ला काढली होती आणि २०१८ ला, अॅक्शन कॉमिक्सच्या हजाराव्या अंकाला, परत आली. आणि आता २०२५ च्या सुपरमॅनमध्ये चड्डी आहेच. दिग्दर्शक जेम्स गन आधी कचरत होता, पण हिरो डेव्हिड कोरेन्सवेट म्हणाला की एवढी ताकद असलेला परग्रहावरचा माणूस, त्याला वाटणार ना की पोरांनी आपल्याला भिऊ नये, मग तो असलाच रंगीत, थोडा बावळट दिसणारा ड्रेस घालेल. मला हे फार पटलं. ड्रेस का घातलाय हे त्या माणसाच्या स्वभावातून आलं की प्रेक्षक हसत नाहीत.

लग्नशूटिंगवाला
सुपरमॅनवरून आठवलं, कॅमेऱ्यासाठी रंग बदलायचं हे लई जुनं आहे. १९५२ ला टीव्हीवर सुपरमॅनची मालिका सुरू झाली, जॉर्ज रीव्हज, सुरुवातीचे भाग ब्लॅक अँड व्हाइट. तर त्याचा ड्रेस निळा-लाल नव्हताच, तपकिरी आणि करडा होता, कारण फिल्मवर तेच रंग नीट वेगळे दिसायचे. सेटवर तपकिरी सुपरमॅन फिरतोय म्हणजे विचार करा. मग १९७८ चा क्रिस्तोफर रीव्हचा. उडायचे सीन निळ्या पडद्यासमोर, आणि ड्रेस पण निळा, म्हणजे पडदा उडवला की हिरोचं अंगच गायब, मुंडकं आणि केप उडलालंय. म्हणून त्या शॉटसाठी इव्हॉन ब्लेकनं हिरवट निळा, फिरोजी म्हणतो तसा ड्रेस वेगळा केला आणि नंतर रंग दुरुस्त केला. आमच्याकडं मागच्या महिन्यात एक नवरदेव हिरवा कुर्ता घालून ग्रीन स्क्रीनपुढं आला होता. पुढचं सांगत नाही.

सात_रस्ता
सांगा की ओ

लग्नशूटिंगवाला
ताजमहालासमोर नुसता फेटा.

कडक_भाकरी
😂😂 मास्टर हसून हसून खाली बसलाय.

बरं आता मुद्द्याचं. दुसरा ड्रेस कापायला घेतोय. रंग काळपट लाल घेतला, कापड मॅट, चमक नाही. उठावाच्या छपाईसाठी आपल्याकडं पफ प्रिंट होतंच, हाउसच्या टीशर्टवर शाळेचं नाव फुगवून छापतो तेच, गरम केलं की शाई फुगते. षटकोनी जाळी छापली छातीवर आणि दंडावर. पण हालचालीचं काय? हात वर केला की सगळा ड्रेस वर येतोय, पोट उघडं.

ड्रेपरी_ताई
हालचाल हेच सगळ्यात अवघड. १९८९ च्या बॅटमॅनचं माहितीये ना, बॉब रिंगवूडनं काळा फोम लेटेक्सचा सूट केला, दिसायला जबरदस्त, करड्या कापडाचा बॅटमॅन एकदम राक्षसासारखा झाला. पण मुखवटा आणि मान एकच तुकडा, मायकेल कीटनला मान वळवता येईना, बघायचं असलं की कमरेपासून सगळाच वळायचा. लोकांना वाटलं काय रुबाब आहे! तो रुबाब म्हणजे अडचण होती. ते पुढं इतकी वर्षं चाललं की २००८ च्या डार्क नाइटमध्ये ब्रूस वेन, म्हणजे बॅटमॅनच, नवीन सूट मागतो, मान वळवता यायला पाहिजे हे थेट संवादात येतं, आणि मग मुखवटा मानेपासून सुटा केला, हेल्मेटसारखा. ड्रेसवाल्यांची तक्रार थेट गोष्टीत घातली.

तुमच्या काखेसाठी सांगते. बाही आणि अंग यांच्यामध्ये चौकोनी तुकडा घाला. आपल्या जुन्या बंडीला, बाराबंदीला (बंदांनी बांधायचा अंगरखा) असायचा तसा. हात वर गेला की तो तुकडा उघडतो, अंग जागेवर राहतं. आणि अंगाचा ड्रेस वर-खाली दोन तुकड्यांत नको, एकसंध शिवा, चेन पाठीत, केपखाली लपेल.

फ्लॅटलॉक_९
पफ प्रिंट कोपरावर आणि गुडघ्यावर अजिबात नको. तडे जातात. मी सायकलिंगच्या जर्सीवर करून बसलोय.

कडक_भाकरी
उशीर झाला दादा. कालच गेले तडे. कोपर दुमडलं आणि शेंगदाण्याच्या टरफलासारखा आवाज आला. आता सांध्यापाशी चार बोटं मोकळं सोडून परत छापतोय. आपोआप तिथं वेगळं पॅनेल दिसायलंय आणि खरं तर ते जास्त बरं दिसतंय.

पुणेकर_मूळचा_सोलापूरचा
बाराबंदीवरून एक सुचलं. तुमचा हिरो सोलापूरचा आहे ना? मग त्याचा ड्रेस अमेरिकेच्या सर्कशीतला कशाला? बाराबंदीच करा. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला पांढऱ्याशुभ्र बाराबंदीत नंदीध्वज, म्हणजे त्या उंच मानाच्या काठ्या, धरलेली माणसं चालतात, सुपरहिरोपेक्षा कमी दिसतात का ती? ब्लॅक पँथर सिनेमाला ड्रेस डिझायनर रूथ कार्टरनं हेच केलं. लेसोथोच्या लोकांची बासोथो ब्लँकेटं घेतली, आतल्या बाजूनं चंदेरी नक्षी छापली आणि लढाईत ढाल म्हणून वापरली. राणीचा मुकुट झुलू बायकांच्या टोपीवरून घेतला आणि थ्रीडी प्रिंट केला. २०१९ ला ऑस्कर घेऊन गेली बाई. आपल्याकडं तर चादरीच चादरी आहेत, केप सोलापुरी चादरीचा!

अण्णा_साखरपेठ
एक मिनिट. बाराबंदी आमच्या घरात श्रद्धेनं घालतात. नंदीध्वज पेलणाऱ्यांचं वर्षभराचं असतं ते, व्यायाम, नेम, सगळं. ती घालून कुणी भिंतीवरून उड्या मारणार आणि व्हिलनला लाथा घालणार असलं तर मला आवडणार नाही, आणि माझ्यासारखे बरेच असतील गावात. पोरांनी हौसेनं केलं तरी लोक बोलणार, आणि बोलणं बसणार तुमच्या भाच्याला.

पुणेकर_मूळचा_सोलापूरचा
अण्णा, माझा तसा उद्देश नव्हता. माफ करा.

अण्णा_साखरपेठ
माफी कशाला बाळा. बंद घ्या, पांढरं घेऊ नका. तिरका पदर छातीवर येतो आणि बंदानं बांधतात ही पद्धत काही एकट्या यात्रेची नाही, पूर्वी सगळेच अंगरखे तसले होते. रंग दुसरा ठेवा. बघणाऱ्याला ओळखीचं वाटेल आणि कुणाचं मन पण दुखायचं नाही.

कडक_भाकरी
अण्णा हे जमलं. तिरका पदर काळपट लाल, बंद पिवळे. पिवळा पट्टा काढून टाकला, बंदच पट्ट्याचं काम करलालेत. चित्र काढणारं पोरगं थोडं हिरमुसलं, पण घालून बघितल्यावर म्हणालं आता कॉमिकच परत काढतो.

चादरीच्या केपचं मात्र फसलं. जकार्डची चादर घेतली, घरचीच. इतकी जड की पोरगं पळायला लागलं की गळ्याला फास. आणि उडत तर नाहीच, मागं लोंबतीये, आई म्हणाली थंडी वाजतीये का त्याला. मग पॉपलीन लावून बघितलं तर पापडासारखं फडफड, वजनच नाही.

ड्रेपरी_ताई
केप कधी गळ्यात बांधायचा नाही, खांद्याला आतून शिवायचा, वजन खांद्यानं घ्यायला पाहिजे. कापड मधलं घ्या, लोकरीसारखं पडणारं, सूटिंगचं चालेल, आणि खालच्या काठात पडद्याला घालतात तसली वजनं घाला, म्हणजे वाऱ्यावर जाताना अख्खा केप एकत्र जातो, फडफडत नाही. मोठ्या सिनेमात तर बऱ्याच वेळा केप खराच नसतो, मॅन ऑफ स्टीलचा उडतानाचा केप कॉम्प्युटरवर केलेला. चादरीची फक्त किनार घ्या ना, काठाला. तुमची हौस पण फिटेल.

वेताळभक्त
कॉम्प्युटरचा ड्रेस नको रे देवा. २०११ चा ग्रीन लँटर्न आठवा, अख्खा सूट कॉम्प्युटरवरचा, रायन रेनॉल्ड्सचं तोंड कुणीतरी चिकटवल्यासारखं. पुढं डेडपूलमध्ये त्यानंच त्याची टिंगल केली.

लग्नशूटिंगवाला
सरसकट नाही हो. अॅव्हेंजर्स एंडगेममधले ते पांढरे टाइम ट्रॅव्हलचे सूट, ते पण पूर्ण कॉम्प्युटरवरचे. तुम्हाला कळलं होतं का बघताना? आणि डेडपूलच्या मुखवट्याचे डोळे बारीक-मोठे होतात ते पण नंतर केलेले. मुखवटा घातलेल्या माणसाचं तोंड दिसत नाही, मग चिडला का हसला कसं कळणार? कॉमिकमध्ये चित्रकार मुखवट्याचे डोळेच लहान-मोठे काढतो, कुणी विचारत नाही कसे काय झाले. सिनेमात ते जमायला २०१६ उजाडलं. त्याच वर्षीच्या सिव्हिल वॉरमध्ये स्पायडरमॅनला पण दिले तसले डोळे, फक्त तिथं कारण दिलं की भिंगाला शटर आहे.

सात_रस्ता
शक्तिमानला मुखवटाच नव्हता, विषय संपला. १९९७, दूरदर्शन. गंगाधर गोल फिरला की ड्रेस तयार, टेलरची गरजच नाही.

कडक_भाकरी
असं म्हणू नका, आमचं पोट आहे त्यावर. आणि टेलर हिरो पण झालाय, २०२१ चा मल्याळम मिन्नल मुरली बघा, त्यातला जेसन टेलर आहे. धंद्यातल्या माणसानं ड्रेस घातलाय म्हटल्यावर मला तर तो सगळ्यात खरा वाटला. बाकीचे हिरो रात्रीत स्वतःच शिवतात म्हणे! २००२ चा पीटर पार्कर वहीत चित्र काढतो आणि पुढच्या सीनला तयार. कुठं शिवला, कुठल्या मशिनवर?

ड्रेपरी_ताई
बॅटमॅन रिटर्न्स, १९९२. कॅटवुमन घरी येते, काळा चकचकीत रेनकोट फाडते आणि मशिनवर बसून शिवते. मोठे मोठे पांढरे टाके, वेडेवाकडे, कारण बाईच त्या वेळी ठिकाणावर नाही. टाक्यांत स्वभाव दिसतो. आणि नो वे होमच्या शेवटी, २०२१, स्पायडरमॅनच्या खोलीत शिलाई मशीन आहे, नीट बघा.

कडक_भाकरी
ताई, ते टाके मास्टरला दाखवले. म्हणतो असलं काम माझ्याकडून झालं तर अख्खा लॉट परत येईल.

झालं शूटिंग काल. कंबर तलावाच्या बाजूला, संध्याकाळी साडेपाचनंतर, शूटिंगवाले दादा स्वतः आले, आभार. ऊन तिरकं होतं, जाळीच्या प्रत्येक षटकोनाला सावली, पोराला छाती आली! काखेतला तुकडा टिकला. केपला चादरीची किनार लावली, लांबून नुसती नक्षी वाटते, जवळून सोलापूरचा माणूस ओळखेल. घाम मात्र असा आला की दोन टेकनंतर ड्रेस पिळला. तसलाच दुसरा शिवून ठेवायला पाहिजे होता, मोठ्या सिनेमात एकाच हिरोचे किती तरी जोड का असतात ते काल कळलं. निळी चड्डी राहिली, बाहेरून, पदराखाली अर्धी झाकलेली. पोरांनी आग्रह केला आणि मी पण फार विरोध केला नाही.

सात_रस्ता
आता तरी फोटो टाक बे.

कडक_भाकरी
पिक्चर झाल्यावर.

वेताळभक्त
मालक, आमच्या चिरंजीवांचं गॅदरिंग आहे पुढच्या महिन्यात. वेताळ करायचाय. साइज २८. जांभळ्यात होईल का?

कडक_भाकरी
होईल की. काळपट जांभळा घेऊ. पट्ट्यांची चड्डी वेगळी शिवू का अंगालाच जोडू ते तेवढं सांगा, गॅदरिंगला बाथरूमला जायचं असतं पोरांना.